कुंभारणीचं घर

किड्यांमध्ये माझी सगळ्यात लाडकी कुंभारीण, आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी भीतीही मला तिच्याचपायी वाटली.

कांदिवलीच्या आमच्या घरी ती विहिरीजवळच्या ओल्या मातीच्या गोळ्या तोंडात धरून आणायची आणि गुणगुणत दाराच्या चौकटीवर घर बांधायची. कंबर सुतासारखी, पण कामाला खमकी. मी तेव्हा आठ वर्षांची होते आणि आईला नववा महिना लागला होता. आदल्या खेपेचं बाळ पोटातच गेलं होतं. त्यामुळे आत्याने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, "घरात पोटुशी बाई असताना कुंभारणीचं घर मोडायचं नाही. मोडलं तर पोटातलं टिकत नाही."

आत्याच सांगायची, की कुंभारीण हिरवी अळी आणून आत कोंडते, बाहेरून गुणगुणत राहते आणि तो ध्यास घेऊन अळीचीच कुंभारीण होते. मला हे बघायचंच होतं. एका दुपारी आत्या मागे भांडी घासत असताना मी स्टुलावर चढले आणि केसातल्या आकड्याने भोक पाडायला गेले. भोक कसलं, अख्खं घरच हातात आलं. आत तीन हिरव्या अळ्या, जिवंत पण लुळ्या, आणि त्यातल्या एकीला खाणारा पांढरा किडा. ध्यास कसला नि काय! कुंभारीण अळ्यांना डंख मारून आपल्या पोरासाठी शिधा भरून ठेवते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. त्या वेळी घर पुन्हा जोडायचं, एवढंच सुचलं. चुलीजवळची माती कालवून मी तुकडे चिकटवले. ते पडले. पुन्हा चिकटवले.

चौथ्या दिवशी दुपारी आईला कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून पंधरवडा होता. आत्या टांगा आणायला धावली. घरात आम्ही दोघीच. आई भिंतीला टेकून, दात आवळून बसली होती. मला राहवेना.

"आई, कुंभारणीचं घर मी मोडलं गं."

वाटलं, आता फटका बसणार. बसला असता तर बरं झालं असतं. आईचा चेहरा पांढराफटक पडला. माझं मनगट घट्ट धरून ती म्हणाली, "आत्याला सांगू नकोस. गेल्या वेळी जळमटं काढताना माझ्याही हातून मोडलं होतं."

म्हणजे आत्याचं खरं होतं. टांगा आईला घेऊन गेला आणि मी शेजारच्या काकूंकडे भात चिवडत बसले. दारात कुणाचं पाऊल वाजलं की मी कानांवर हात ठेवायची.

संध्याकाळी वडील आले. भाऊ झाला होता, दोघंही सुखरूप होती. माझा विश्वासच बसेना.

तिसऱ्या दिवशी मला प्रसूतिगृहात नेलं. आई बाळाकडे बघून सारखी रडत होती. "आनंदाचं रडू आहे, येऊ दे," आत्या म्हणाली आणि दूध आणायला बाहेर गेली. आईने मला जवळ ओढलं.

"म्हणजे ते माझ्यामुळे गेलं नव्हतं गं," ती म्हणाली.