नाव घेतल्याशिवाय लागत नाही

माझ्या फोनमधली बाई मराठी चांगलं बोलते. बातम्या देणाऱ्या बायकांसारखं, जरा जास्तच स्वच्छ. धाकट्या भावाच्या फोनमधल्या बाईला मराठी समजायचं, पण उत्तर देताना ती मध्येच हिंदीत शिरायची, आणि इतकी नम्र व्हायची की मला तिचा राग यायचा. मी जळगावला, धाकटा धुळ्याला. आमचे फोन दोन वेगळ्या कंपन्यांचे, आणि कोणाची बाई हुशार यावरून आमची वर्षभर जुंपलेली असायची. शेताची वाटणी अजून व्हायची होती, त्यामुळे भांडायला तोवर एवढंच होतं. आमच्या या खुळापायी आई काय भोगून बसली ते सांगताना आजही मान खाली जाते.

आई-वडील एरंडोलजवळच्या आमच्या गावी राहतात. आईला काचबिंदू आहे. दारात कोणी उभं राहिलं तर कोणीतरी आलंय एवढं तिला दिसतं, कोण ते आवाजावरून कळतं. वडील सकाळी शेतात जातात ते दिवेलागणीला परततात. तोवर ती घरात एकटी. तिच्याकडे बटणांचा जुना फोन होता. दोनचा आकडा दाबून धरला की वडिलांना फोन लागायचा, आणि तो आकडा तिला चाचपून सापडायचा. फोनकडून तिला तेवढंच हवं होतं. एक दिवस तो फोन पाण्याच्या बादलीत पडला आणि गेला.

तसलाच दुसरा आणून दिला असता तर काम झालं असतं. पण आम्ही पडलो शिकलेले. दोघांनीही नुकतेच नवे फोन घेतले होते, जुने कपाटात पडून होते, आणि त्या जुन्या फोनांतही त्याच बाया राहत होत्या. आईला नुसतं बोलून चालणारा फोन द्यायचा हे लगेच ठरलं. कुणाचा द्यायचा हे काही ठरेना. मग आखाजीला दोघंही घरी आलो की परीक्षा घ्यायची असं मीच सुचवलं.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे लेकीबाळींचा सण. गल्लीतल्या सगळ्या पोरी माहेरी आलेल्या, निंबाला झोके बांधलेले, घरोघरी सांजोऱ्यांचा वास. दुपारी जेवणं आटोपल्यावर अंगणात सतरंजी टाकली, मध्ये आईला बसवलं आणि तिच्यापुढे दोन फोन ठेवले. काकू आली, शेजारच्या बाया आल्या, झोक्यावरच्या पोरी उतरून आल्या. वडील ओट्यावर सुपारी कातरत बसले होते.

“ह्या दोन्ही बाया फोनमाच ऱ्हातस का?” आईने विचारलं.

“हाक मारी का उठतस,” धाकटा म्हणाला.

“जेवाले नही लागस, बरं शे.”

आधी हवामान विचारलं. आखाजीच्या उन्हात हवामान विचारायची काय गरज होती, पण सगळे हेच विचारतात म्हणून आम्हीही विचारलं. माझ्या बाईने जळगावचं ऊन सांगितलं, त्याच्या बाईने धुळ्याचं. आमच्या गावात बसून दोघींनी आपापल्या मालकाचं गाव सांगितलं. मग दुपारी डोळ्यांत थेंब टाकायची आठवण करायला सांगितलं. माझीला ते पटकन समजलं. त्याचीने ‘जी, जरूर’ म्हणून पहाटेची वेळ लावून ठेवली. मी जमलेल्या बायांकडे विजयाने बघितलं. पण भजन लावायला सांगितल्यावर त्याचीने लगेच टाळ-मृदंग सुरू केला आणि माझी मेली साबणाची जाहिरात ऐकवत बसली. बरोबरी झाली.

आईला आता मजा वाटायला लागली होती. ती दोन्ही फोनांशी दवाखान्यातल्या डॉक्टरांशी बोलतात तसं, जपून, शहरी मराठीत बोलत होती. तिने स्वतःच एक प्रश्न काढला. “फैजपूरची माझी बहीण कशी आहे?”

माझ्या बाईने फैजपूरला जायचा रस्ता सांगितला. धाकट्याचीने फैजपूरचे फोटो दाखवले.

“रस्ता मालूम शे माले,” आई म्हणाली. तिला फोटो काही दिसले नाहीत. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, “हाई ऱ्हाऊ दे. यास्ले फोन लागस का, ते सांग.”

वडिलांना फोन लागतो का, खरी परीक्षा तीच होती. आणि तिथेच गाडी अडली, कारण आईने फोनला सांगितलं, “ह्यांना फोन लाव.”

“कोणाला फोन लावू?” माझ्या बाईने विचारलं.

“ह्यांना.”

“माफ करा, हे नाव तुमच्या संपर्कांमध्ये सापडलं नाही.”

धाकट्याच्या बाईनेही तेच सांगितलं, फक्त जास्त वाकून. दोन्ही फोनांत वडिलांचा नंबर मीच भरला होता, त्यांच्या नावाने, आडनावासकट. आम्ही पोरं वडिलांना ‘भाऊ’ म्हणतो, कारण एकत्र घरात चुलतभावंडं म्हणायची तेच आमच्या तोंडी बसलं. आईने नवऱ्याला भाऊ म्हणायचं तर पंचाईतच. गल्लीला ते ‘आबा’, आणि आईला ते ‘ह्या’, म्हणजे ‘हे’. लग्नात उखाण्यातून घेतलं असेल तेवढंच, एरवी तिने त्यांचं नाव कधी उच्चारलेलं मी ऐकलं नव्हतं. वडिलांच्या नावाचा दुसरा माणूस गल्लीत होता, तर त्यालाही ती ‘कोपरावालाना पोऱ्या’ म्हणायची.

“नाव घे ना आई,” मी म्हणाले.

“नाव कसं लेऊ वं?” ती हसली, आणि लगेच तिने तोडही काढली. “तू तठे शेत लिखी दे. मी शेतले फोन लावसू. त्या तठेच ऱ्हातस ना दिनभर.”

“बरोबर शे तिनं,” धाकटा म्हणाला, आणि त्याने आपला फोन उचलून नाव बदलायला घेतलं.

मी तेव्हा काय विचार केला ते मला नीट आठवतं. आईचा विचार मी केलाच नाही. याने ‘शेत’ टाकलं, आईने हाक मारली, फोन लागला, म्हणजे याचा फोन जिंकला, हा विचार केला. पण त्याचा हात अडवून तोंडाने मी भलतंच बोलले. नावाने कोणाचं आयुष्य कमी होत नाही म्हणाले. मी माझ्या नवऱ्याला नावाने हाक मारते, तो अजून धडधाकट आहे, उलट त्याचं पोट सुटलंय, असंही म्हणाले. बाया हसल्या. मला चेव चढला. आईने एवढ्या वर्षांत स्वतःच्या नवऱ्याचं नाव घेऊ नये, ही कुठली रीत, असं मी भर अंगणात भाषण केलं. त्यातला शब्दन् शब्द मला आजही खरा वाटतो, म्हणून तर जास्त लाज वाटते. खरं बोलून मी खोटं काम काढून घेत होते.

“ले वं, ले! आखाजी शे,” काकू ओरडली. पोरी टाळ्या वाजवायला लागल्या.

आईने पदर तोंडाला लावला आणि काहीतरी पुटपुटली.

“माफ करा, मला समजलं नाही,” माझी बाई म्हणाली.

मी पुढे झाले, आईच्या तोंडावरचा पदर हाताने बाजूला केला आणि म्हणाले, “मोठ्याने.”

तिने नाव घेतलं. नुसतं नाव, आडनाव नाही. फोनला तेवढं पुरलं. ओट्यावर वडिलांच्या खिशात घंटी वाजायला लागली. त्यांनी फोन काढला, बघितला, काय करावं ते त्यांना सुचेना, आणि सवयीने त्यांनी तो कानाला लावला. “हां, बोल,” ते म्हणाले. एक ‘हां, बोल’ ओट्यावरून आलं आणि एक सतरंजीवरच्या फोनातून. बाया एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. “आबा, तुम्हनं नाव लिधं वहिनीनी!” कुणीतरी म्हणालं, आणि काकू उखाण्याची फर्माईश घेऊन बसली.

वडिलांनी अडकित्ता ठेवला, टोपी घातली आणि सणाच्या दिवशी, भर उन्हात शेताकडे निघून गेले. मी टाळी वाजवून जिंकल्याचं जाहीर केलं. आईच्या चेहऱ्याकडे माझं लक्ष गेलं नव्हतं असं म्हणणं सोयीचं आहे, पण लक्ष गेलं होतं. ती खाली बघत होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी नीट बोलली नाही. मी मनात म्हटलं, होईल सवय.

माझा फोन तिच्याकडे राहिला. नंतर मी अधूनमधून विचारायची, फोन चालतो ना? “चालस ना,” ती म्हणायची. मला ते खरंच वाटलं. वडिलांना कधी विचारलं नाही.

पोळा होऊन गेल्यावर एक दिवस ती मागच्या मोरीत घसरून पडली. खुबा मोडला. दुपारची वेळ, गल्ली सगळी निंदणीला गेलेली, हाकेला ओ द्यायला कोणी नाही. फोन स्वयंपाकघराच्या कोनाड्यात चार्जिंगला लावलेला. वडील दिवेलागणीला आले तेव्हा ती तशीच ओल्या फरशीवर पडून होती. जळगावला आणून ऑपरेशन केलं. धुळ्याहून धाकटा मिळेल त्या बसने आला.

दवाखान्याच्या जिन्यात त्याने मला साधंच विचारलं, “ताई, ते शेत टाकलं होतंस ना नंतर?”

मी औषधांची चिठ्ठी त्याच्या हातात दिली.

“माले वाटनं, टाकं असशीन,” तो म्हणाला, आणि चिठ्ठी घेऊन खाली गेला. तो भांडला असता तर बरं झालं असतं. भांडायची मला सवय आहे.

माझा स्वभाव असा, की लाज वाटली की मला आधी राग येतो. आई शुद्धीवर येऊन जरा बोलायला लागली तशी मी तिच्यावरच घसरले. “कोनाडा काय लांब होता? ती बाई हाकेला उठते ना? मग?”

“उठनी ना,” आई म्हणाली. “कितींदा उठनी बिचारी.”

“मग नाव घ्यायचं! मरायची वेळ आली तरी रीत सोडवत नाही का?”

“लिधं व्हतं,” ती म्हणाली.

मला कळेना. तिने डोळे मिटले आणि थांबत थांबत सांगितलं. “धीरे लिधं. तिले ऐकू उनं नही. ती माफी मांगत ऱ्हायनी.”

“पण मोठ्याने का नाही? घरात कोण होतं ऐकायला?”

“कोनी नव्हतं,” आई म्हणाली. “मी व्हती ना.”

मोरीत पडलेली आई, हळू आवाजात नाव घेणारी, आणि कोनाड्यातून स्वच्छ मराठीत माफी मागणारी माझी बाई, हे मला सारखं ऐकू येत होतं. आखाजीआधी कदाचित तिने अडीनडीला नाव मोठ्याने घेतलंही असतं. आता त्या नावाबरोबर तिला अख्खी गल्ली हसताना ऐकू येत असणार, आणि पदर ओढणारा माझा हात आठवत असणार. तिने मला दोष दिला नाही. तिला तो सुचलाही नसावा. मलाच माझं तोंड कुठे लपवावं ते कळेना.

वडिलांनी तिच्या सामानाबरोबर तो फोन पिशवीत टाकून आणला होता. तो मी काढला, वडिलांचं नाव पुसलं आणि ‘शेत’ लिहिलं. चहाचा घोट घ्यायलाही त्याहून जास्त वेळ लागतो.

“आई, बदललं,” मी म्हणाले. “बघ बरं.”

मी फोन तिच्याजवळ धरणार होते, पण ती म्हणाली, ठेव तिकडे. म्हणून तो खिडकीत ठेवला. वडील चहा प्यायला खाली गेले होते. आईने मान उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग आडवी पडूनच तिने बाईला हाक मारली आणि म्हणाली, “शेताला फोन लाव!”

शेजारच्या खाटेवरची म्हातारी दचकून जागी झाली. दारातून एक नर्स डोकावली. फोनातून वडिलांचा आवाज आला, “हां, बोल,” आणि आईने सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं विचारलं, “चहा पिधा का?”

मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. तेवढ्या आवाजाला मोरीतून कोनाडा काहीच लांब नव्हता.