थर्मलमध्ये न दिसलेलं जाकीट

टेक्सासमधल्या आमच्या गावात रानडुकरं रातोरात मक्याचं शेत उखडून टाकतात. म्हणून लेलंड कुबेनाच्या दुकानात गुरांच्या खाद्याशेजारीच बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणी मिळतात. लेलंड सगळ्यांना थर्मल, म्हणजे अंगाची ऊब टिपणारी दुर्बीण, घ्यायला लावायचा. "काळोखातही डुक्कर दिव्यासारखं चमकतं!" यावरून मी त्याच्याशी कितीदा तरी भांडले. चमकलं की गोळी घालायची, ही कुठली रीत?

परवा दुपारी मी दुकानात असताना त्याचा शेजारी ऑर्विल आला. डुकरं धरणारी त्याची डॉली कुत्री शनिवारपासून बेपत्ता होती.

"डुकरानंच फाडली असणार. लेलंड, भारीतली थर्मल काढ. सोडत नाही त्याला!"

लेलंडनं दुसराच खोका पुढे सरकवला. "ही नाइट व्हिजन ने. हिच्यात अंधारातही सगळं नीट दिसतं."

"थर्मल थर्मल करून डोकं खाल्लंस माझं, आणि आता जुना माल गळ्यात मारतोस होय रे?"

"थर्मलमध्ये नुसती ऊब दिसते, ऑर्विल. गळ्यातला पट्टा दिसत नाही. डुकराच्या सुळ्यांपासून वाचवायला कुत्रीला घातलेलं जाकीटही दिसत नाही."

लेलंडनं गल्ल्याखालून डॉलीचं नारिंगी जाकीट काढून समोर ठेवलं.

"माझ्या मक्यात शिरली होती. मला डुक्करच वाटलं. तीन दिवस तुझ्या दारापर्यंत येऊन परत फिरतोय."

ऑर्विलनं जाकिटाला पडलेल्या गोळीच्या भोकात बोट घातलं.

"कुठे पुरलीस?"

"ओढ्याकाठी, पेकनच्या झाडाखाली."

"चल, दाखव."

लेलंडनं भरदुपारी दुकानाला कुलूप लावलं आणि मान खाली घालून त्याच्या मागे निघाला.