कान्हूकाकाचं हिरवं तळं

पेणच्या खाडीकाठी आमच्या गावात कान्हूकाकाइतका हट्टी माणूस मी पाहिला नाही. उभा जन्म मिठागरात गेलेला, बोलायला तिखट, आणि एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी नाही. त्याची मुलगी जनी रोह्याकडच्या गोविंदाशी आपल्या मर्जीने लग्न करून गेली. ते भात-वाल पिकवणारं घर, जात वेगळी. काका लग्नाला गेला नाही. वर, तिच्या दारात पाय ठेवणार नाही, असं भर पारावर सांगून मोकळा झाला. सगुणाकाकी मात्र गुपचूप नागोठण्यापर्यंत जाऊन लेकीला भेटून यायची, आणि काकाला ते माहीत नाही असं फक्त काकीलाच वाटायचं.

नव्वद सालाच्या आसपास जनीला मुलगी झाली आणि काका विरघळला, पण आपल्या पद्धतीने. मी तेव्हा नागोठण्याला कंपनीत शिफ्ट करायचो. माझ्याच तोंडून त्याने निरोप धाडला की रविवारी सासरच्या माणसांना घेऊन जेवायला यावं. आमच्याकडे पाहुण्याला तळ्यातला जिताडा मासा वाढला की त्याच्या वर मान नाही, आणि तो जिवंत पकडून त्याच दिवशी शिजवायचा. बर्फातला चालत नाही. ‘चुकलो’ हा शब्द काकाला जमणार नव्हता, म्हणून तो जिताडा वाढणार होता.

काकाचं तळं खाडीच्या बांधाला लागून होतं. भरतीचं पाणी आत घ्यायला बांधात लाकडी फळ्यांचं दार, त्याला उघाडी म्हणतात. काका सगळ्या फळ्या कधीच काढायचा नाही. फक्त वरची काढायचा. खालच्या पाण्यात नुसता गाळ, जीव असतो तो ऊन पोचतं त्या वरच्या पाण्यात. डोळ्याला न दिसणारं शेवाळ, त्यावर जगणारे किडे, जवळा, पेराएवढी माशांची पिल्लं असा समुद्राचा सगळा बारका संसार भरतीबरोबर वरच्या वर आत यायचा. त्यात थोडं शेण टाकलं की पाणी हिरवं होतं. हिरव्यावर किडे, किड्यांवर बारकी मासळी आणि बारक्या मासळीवर जिताडा पोसतो.

पाहुणे येणार म्हटल्यावर काकाचा हात सैल सुटला. मासा अजून भरू दे म्हणून पाट्यांवर पाट्या शेण ओतत राहिला. काकी पुरे म्हणाली, पण ऐकेल तो कान्हू कसला. तळं पोपटी झालं, मग गर्द हिरवं. आणि नेमकं तेव्हाच परतीच्या पावसाचं मळभ धरलं. हिरवं पाणी उन्हात हवा सोडतं, आणि ऊन नसलं की तीच हवा स्वतः ओढून घेतं, मग मासा गुदमरतो. हे काकाला माहीत नव्हतं असं नाही. आनंदाच्या भरात तो विसरला, एवढंच.

गुरुवारी सकाळी रात्रपाळी करून घरी पोचतो तोच काकीने हाक मारली. तळ्यावर गेलो. कोळंबी काठाच्या चिखलावर चढली होती. बारक्या मासळीने सगळं पाणी भरलं होतं, आणि मधोमध हातभर लांबीचे जिताडे तोंडं वासून वर आले होते. काका छातीभर पाण्यात उभा राहून बांबूने पाणी झोडपत होता. मीही उतरलो. आम्ही झोडपू तेवढ्या जागेत मासे जमायचे, हात थांबला की पुन्हा आ वासायचे.

उघाडी उघडून उपयोग नव्हता. भांगाचे दिवस होते, म्हणजे भरतीला जोर नव्हता. पाणी उघाडीच्या तळापर्यंतही चढणार नव्हतं. शेजारचा हिरामण म्हणाला, बांध खणून खाली वाट करू. काकाने कुदळ उचललीसुद्धा. पण बांधाच्या आत गावाचं भात निसवलं होतं, खारं पाणी शिरलं असतं तर सगळ्यांचं गेलं असतं. त्याने कुदळ फेकली आणि पुन्हा पाण्यात उतरला. सारखा आभाळाकडे बघत होता. ऊन काही पडेना. पहिला जिताडा उलटा झाला, पांढरं पोट वर आलं, मग दुसरा. मला काकाची कीव आली आणि रागही आला.

काकी काठावरून शांतपणे म्हणाली, “रविवारपर्यंत यातला एक बी राहायचा नाय. जित्ता हाय तो उचला आन तुमीच जा रोह्याला.”

“मी तिच्या दारात जानार नाय. गावाला म्हाईत हाय.”

“मग कुत्र्याला टाका.”

काकाने बांबू काठावर टाकला. मग त्याने दोन्ही हात पाण्यात घातले आणि सगळ्यात मोठा जिताडा छातीशी धरून वर आणला.

ओल्या गोणपाटात मासा गुंडाळून आम्ही पेणला रोह्याची गाडी पकडली. मी बरोबर गेलो, कारण एकटा असता तर अर्ध्या वाटेतूनच मागे फिरला असता. गाडीत तो दर थोड्या वेळाने गोणपाट उघडून कल्ले हलतात का बघायचा. नागोठणं गेलं तसे ते हलायचे थांबले.

दार जनीच्या सासूने, गिरजाबाईंनी उघडलं. मी ओळख करून दिली. त्या आत या म्हणाल्या, पण काका बाहेरच उभा. पायाला चिखल सुकलेला, गोणपाटातून पाणी गळतंय. जनी पोरीला कडेवर घेऊन आली आणि जागीच थबकली.

“रविवारी द्यायचा होता,” काका म्हणाला. “तळं मीच बिघडवलं. शेण जास्त झालं. चूक माझी.”

“किती मेले?” तिने विचारलं.

“समदे गेले.” मग माशाकडेच बघत तो म्हणाला, “तुझ्या लग्नाला आलो नाय, ती बी चूकच.”

गिरजाबाईंनी पुढे होऊन मासा घेतला. जनीने डोळे पुसले आणि पोरगी त्याच्यापुढे धरली. त्याने हात मागे घेतले.

“हात घान हायत गो.”

“असू देत,” जनी म्हणाली. “घ्या, बाबा.”

त्याने हात सदऱ्याला पुसले, पोर घेतली, आणि बोलत बोलत उंबऱ्याच्या आत कधी गेला ते त्याचं त्यालाही कळलं नाही.