कॅप्टनचा पहिला क्लेम

नोकरीतली कितीतरी प्रकरणं आता धड आठवत नाहीत. हे एक मात्र विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही. यात खून नव्हता, दरोडा नव्हता, बेड्या घालून समाधान वाटावं असा बदमाशही नव्हता. तरीही आठवलं की तोंड कडू होतं.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली होती. मी तुमसर तालुक्यात सिहोऱ्याच्या बाजूला ठाणेदार होतो. धानाची कापणी उरकली होती आणि गावोगावी मंडई भरायला लागली होती. दिवाळीनंतरच्या या जत्रेत आमच्याकडे कबड्डीचे सामने होतात, त्यामुळे बंदोबस्ताने माणसं पिळून निघालेली. अशात एका सकाळी पोलीस पाटलाचा निरोप आला. गावच्या तलावात एक माणूस बुडून मेला होता.

मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद, दाखल केला आणि जमादाराला घेऊन निघालो. मयत पस्तिशीचा, हाडं निघालेला. काठावर बैलाचा दोर आणि चपला व्यवस्थित ठेवलेल्या. "बैल धुवाले गेलते, पाय घसरला," असं त्याची बायको सांगत होती. सांगताना ती माझ्याकडे पाहतच नव्हती. बाजूला उभ्या असलेल्या एका धिप्पाड, किंचित लंगडणाऱ्या माणसाकडे पाहत होती. मयताची म्हातारी आई बांधावर बसली होती, तिने तर तोंडच उघडलं नाही. पंच बोलावले, पंचनामा केला आणि प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं.

त्या लंगड्याला सगळा तालुका कॅप्टन म्हणायचा. एकेकाळी राज्याच्या संघातून कबड्डी खेळलेला. त्याच्या चढाईला मंडईत माणसं झाडावर चढून बसायची, असं जमादार सांगायचा. मयत त्याच्याच संघातला. पुढे कॅप्टनचा गुडघा गेला. सत्कार भरपूर झाले. शाल मिळाली, नारळ मिळाला, नोकरीचं आश्वासनही मिळालं. शालीवर पोट भरत नाही हे कळल्यावर तो आयुर्विम्याचा एजंट झाला. सिहोऱ्यापासून आंबागडपर्यंत मोटरसायकलवर फिरायचा, अंगात राज्याचं नाव लिहिलेलं जुनं जॅकेट. लोक विमा घेत नव्हते, कॅप्टनला घेत होते. ज्या घरात त्याने पूर्वी सामना जिंकून जेवण केलं, त्याच घरात आता तो म्हणायचा, "तुमी नसले तं मी हावो." लोक अंगठा टेकवायचे.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन वाजला. नाव न सांगता कोणीतरी म्हणालं, "साहेब, तो बुडला नाई. इमावाल्याले पुसा." फोन बंद. निनावी फोनवाल्यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. अशी माणसं बहुधा न्यायासाठी नाही, जळून फोन करतात. पण जळणाराही कधी कधी खरं बोलतो, म्हणून मी शवविच्छेदनाला स्वतः हजर राहिलो.

डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात पाणी नाही. हा पाण्यात पडण्याआधीच गेलेला होता. फुप्फुसं क्षयाने पोखरलेली, मृत्यू त्यानेच. अंगावर झटापटीची खूण नव्हती. मग त्यांनी चिमट्याने जिभेखालून काहीतरी काढलं आणि माझ्यासमोर धरलं. ते तुळशीचं पान होतं.

खून झाला असेल असा जो संशय होता, तो तिथेच संपला. मारणारा मेलेल्याच्या तोंडात तुळस घालत नाही. हा माणूस घरी, आपल्या माणसांत मेला होता आणि नंतर त्याला तलावात नेलं होतं. कशासाठी, हे एकच माणूस सांगू शकत होता.

कॅप्टनला ठाण्यात बोलावलं. तो आला तसा आमचा एक शिपाई आपसूक खुर्ची सोडून उभा राहिला. मी त्या शिपायाला बाहेर घालवलं.

"काय झालं ते सांग."

"सांगतलं ना साहेब. बैल धुवाले गेला, पाय घसरला."

"चार पावलं टाकली की धाप लागायची त्याला. तो बैल धुवायला गेला?"

  माझ्या अनुभवात खोटं बोलणारे दोन तऱ्हेचे असतात. सराईत असतो तो बोलत सुटतो, आणि ज्याला सवय नाही तो जमिनीकडे पाहतो. कॅप्टन जमिनीकडे पाहत होता.

"ठीक आहे," मी म्हणालो. "मग त्याच्या आईला बोलावतो. बुडालेल्या पोराच्या तोंडात तुळशीचं पान कोणी ठेवलं, ते तिलाच विचारतो."

त्याने मान वर केली. "तुळस?" त्याला माहीतच नव्हतं. दोन्ही पंजे तोंडावर घेऊन तो हमसून हमसून रडायला लागला.

"मायले नका बोलवू साहेब. तिनं मना केलं होतं मले. मी पहाटे गेलो तं तो सरला होता. माय म्हने, आता आंगोळ घालू याले. मी म्हटलं थांबा. टीबीनं मेला म्हटलं तं कंपनी एक पैसा देत नाई. बिमारी लपवली म्हनते. अपघात दाखवला तं डबल भेटते. त्याच्या दोन पोरी हायेत साहेब, लहान लहान. त्याचा इमा मीच काढला होता, त्या घरात जबान देल्ली होती."

"तलावापर्यंत कोणी नेला?"

"मीच नेला, खांद्यावर. माहा गुडघा मोडला तवा मैदानातून त्यानंच मले उचलून नेलतं." डोळे पुसून तो म्हणाला, "निंगताना माय म्हने, जरासा थांब, पोराच्या तोंडात पानी टाकू दे. मले पाहवलं नाई. मी पाठ फिरवली. तवाच टाकलं असन पान."

त्याने सगळं स्वतःवर घेतलं. बायांचा यात काही हात नव्हता, असंच शेवटपर्यंत म्हणत राहिला. खोटी माहिती देणं, फसवणुकीचा प्रयत्न, प्रेताची विटंबना असे गुन्हे दाखल करून मी त्याला अटक केली.

खरा कडूपणा पुढे आहे. तपासासाठी विमा कंपनीचा एक अधिकारी ठाण्यात आला. कागद चाळून त्याने चष्मा काढला आणि मला विचारलं, "साहेब, यांनी हे कशासाठी केलं?" आजार विमा घेतल्यानंतरचा होता. घेताना माणूस ठणठणीत होता, काहीही लपवलेलं नव्हतं. क्षयाने मेला म्हणून सरळ कळवलं असतं, तर विम्याची पूर्ण रक्कम बायकोला मिळाली असती. आता पोलीस केस झाल्यामुळे सगळंच अडकलं.

मी कोठडीपाशी जाऊन कॅप्टनला ते सांगितलं.

"म्हंजे... जसा होता तसा घरीच राहू देला असता, तं?"

"मिळाले असते."

तो भिंतीला टेकून बसला. म्हणाला, "मले क्लेमचं कोनं शिकवलंच नाई साहेब. हा माहा पयलाच होता."

खरंच होतं ते. शिकवताना त्याला घरात कसं शिरायचं, चहाला नाही म्हणायचं नाही, पोरीच्या लग्नाचा विषय कधी काढायचा, एवढं पढवलं होतं. माणूस मेल्यावर काय करायचं ते सांगायला कोणालाच वेळ झाला नव्हता. कंपनीच्या ज्या लोकांनी त्याच्या नावावर धंदा केला, त्यांच्यापैकी एकही त्याला जामीन राहायला आला नाही. शाल देणारेही आले नाहीत. गावोगावच्या लोकांनी त्याच्याकडच्या पॉलिसी बंद पाडल्या आणि चोरच होता म्हणून मोकळे झाले.

बदमाशांनी केलेले गुन्हे मी खूप पाहिले, त्यांचा राग येतो आणि जातो. या प्रकरणाने मला एवढंच शिकवलं की जीव लावणारा माणूस अर्धवट माहितीवर चालला, तर तो वैऱ्यापेक्षा जास्त नुकसान करतो. त्याला शिक्षा देऊन कोणाचंच भलं होत नाही, आणि कायद्याला तर शिक्षेशिवाय दुसरं काही देता येत नाही.

माझी बदली होण्याआधी समन्सच्या कामाने त्या घरी गेलो होतो. सून रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, गेली होती. रक्कम तोवर मिळालेली नव्हती. म्हातारी ओसरीवर होती. तिने पाणी दिलं, मी पिईपर्यंत उभी राहिली आणि मग विचारलं, "साहेब, मी ते पान टाकलं नसतं, तं भेटले असते का जी पैसे?"

"नाही, आई," मी म्हणालो. "पानाचा काही दोष नाही. तुम्ही बरोबरच केलं."

तिने मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. निघताना माझं लक्ष अंगणाकडे गेलं. सारवलेल्या ओट्यावर मातीचं वृंदावन होतं. त्यातली तुळस तिने उपटून टाकली होती.