दत्ताजीरावांच्या वाटचं

बडोद्यातल्या मांजलपूरच्या त्या सोसायटीत दत्ताजीराव शिर्क्यांची साखर सगळ्यांना तोंडपाठ होती, कारण अहल्याबाई ती लिफ्टमध्येसुद्धा सांगत. उपाशीपोटी एकशे चार, जेवणानंतर एकशे छत्तीस. ऐकणारा चौथ्या मजल्यावर उतरला तर उरलेला आकडा त्या दार धरून सांगत. शिर्क्यांचे पूर्वज बडोदे संस्थानच्या फौजेत होते. त्या घराण्याची शिस्त दत्ताजीरावांकडे मिशीपुरती उरली होती. बाकीची लग्नानंतर अहल्याबाईंकडे आली, आणि अकरा वर्षांपूर्वी नवऱ्याला मधुमेह निघाल्यावर त्या शिस्तीला खरं काम मिळालं.

त्या दिवसापासून घरात दोन स्वयंपाक. दत्ताजीरावांना बाजरीची एक भाकरी, पालेभाजी, बिनगुळाचं मुगाचं वरण, काकडी, ताक. स्वतःला भात, बटाट्याची भाजी आणि गूळ घातलेली आंबटगोड डाळ, कारण "मला काय झालंय?" रविवारी सकाळी फाफडा-जिलेबी येई ती एकट्या अहल्याबाईंसाठी. त्या वेळी दत्ताजीराव पेपर वाचत, आणि त्यांचं पान बराच वेळ उलटत नसे. संध्याकाळी ते सोसायटीच्या बागेत चाळीस मिनिटं चालत. अहल्याबाई गॅलरीत खुर्ची टाकून त्यांच्या फेऱ्या मोजत, आणि मांडीवर बटाट्याच्या गोडसर लिल्या, म्हणजे ओलसर हिरव्या चिवड्याची वाटी असे. फेरी एखादी कमी भरली तर वरून हाक जाई, तीही तोंडातला घास संपल्यावर.

दत्ताजीरावांनी सुरुवातीला चोरून खाऊन पाहिलं. एकदा लहरीपुऱ्याच्या बाजारातून छत्री दुरुस्त करून आले, तर मिशीला पाकाचा वास. त्यानंतर बाहेरून आलं की दारातच "मिशी दाखवा" हा हुकूम सुटे, आणि सहासष्ट वर्षांचा तो धिप्पाड माणूस निमूटपणे मान वाकवून मिशी पुढे करी.

प्रश्न होता तो प्रसादाचा. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, आणि बडोद्यात प्रसाद काही कमी येत नाही. अहल्याबाईंनी यावर तोडगा काढला. चिमटीत कणभर घेऊन त्या स्वतः नवऱ्याच्या जिभेवर ठेवत आणि म्हणत, "कणभर पुरतं. देव काही मोजायला बसत नाही." आता उरलेल्याचं काय करायचं? प्रसाद टाकून कसा देणार? म्हणून दत्ताजीरावांच्या वाटचं त्या खात. पुढे पुढे प्रसादाचा हा मान इतर पदार्थांनाही मिळू लागला. शेजारच्या बारशाचे पेढे, दसऱ्याची जिलेबी, कोणाच्या वाढदिवसाचा केक, सगळ्यात त्यांच्या वाटचं निघे आणि सगळं अहल्याबाई संपवत. आपण हावरट आहोत असं त्यांना कधी वाटलं नाही, कारण त्या कर्तव्य करत होत्या. कर्तव्य साजूक तुपातलं होतं, एवढंच.

यंदा जानेवारीत सानवी नावाची मुलगी दार वाजवत आली. ती होम सायन्सला एम. एस्सी. करत होती आणि मधुमेह असलेल्या आणि नसलेल्या मोठ्या माणसांच्या खाण्याच्या सवयी असा तिचा प्रोजेक्ट होता. तिला एकाच घरातलं दोन्हीकडचं एकेक माणूस हवं होतं. अहल्याबाईंना आकाश ठेंगणं झालं. आपल्या अकरा वर्षांच्या मेहनतीवर कोणीतरी अखेर शिक्का मारणार होतं. दत्ताजीरावांचा फॉर्म त्यांनीच तोंडी भरून दिला, आणि सानवी माना डोलवत, गुजराती वळणाच्या मराठीत "वाह काकी, एकदम बराबर," असं म्हणत लिहीत गेली.

मग दुसरा फॉर्म निघाला, मधुमेह नसलेल्यांचा. आपलं काय, साधंच, असं म्हणून अहल्याबाई उठायला लागल्या. पण त्या फॉर्मला साधं चालत नव्हतं. काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत पोटात काय काय गेलं, ते सगळं त्याला हवं होतं. अहल्याबाई आठवून सांगू लागल्या. दोन चमचे साखरेचा चहा तीनदा. फाफडा, सोबत जिलेबी. डाळभात. खालच्या स्नेहलबेनच्या नातवाचा केक, दोन तुकडे. कोणाच्या तरी नव्या स्कूटरचे पेढे, चार. सानवीने पान उलटून मागच्या बाजूला लिहायला घेतलं.

"काकी, हे सगळं तुम्ही खाल्लं?"

"माझं कुठे गं त्यात सगळं? निम्मं यांच्या वाटचं."

"पण पोट तर तुमचंच ने?" सानवी म्हणाली. अगदी सरळ मनाने म्हणाली बिचारी. पेपरच्या आड दत्ताजीराव खोकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सानवी दोघांच्या बोटाला सुई टोचायला आली, कारण मधुमेह नसलेल्यांना तो खरंच नाही ना हे तिला पाहायचं होतं. दत्ताजीरावांची उपाशीपोटी साखर एकशे आठ निघाली, अहल्याबाईंची दोनशे एकतीस. यंत्र बिघडलंय, असं त्या म्हणाल्या. सानवीने त्यांना हात धुवायला लावून दुसरं बोट टोचलं, तर दोनशे अठ्ठावीस. मी डॉक्टर नाही, पण तुम्ही आजच लॅबमध्ये जा, असं तिने बजावलं. आणि जाताना फार अवघडून सांगितलं की काकी, तुमचा फॉर्म आता काकांच्या गठ्ठ्यात जाणार. नसलेल्या गठ्ठ्यासाठी तिला दुसरं कोणीतरी शोधावं लागणार होतं.

लॅबने तेच सांगितलं आणि डॉक्टरांनीही. घरात कोणाला आहे का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मिस्टरांना आहे, असं अहल्याबाई हळूच म्हणाल्या. मग पथ्य तुम्हाला माहीतच असेल, असं म्हणून डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या. अहल्याबाईंना ते तोंडपाठ होतं. त्या दिवशी लिफ्टमध्ये त्या कोणाशी बोलल्या नाहीत.

घरी येऊन त्यांनी गुळाचा डबा वरच्या फळीवर ठेवला आणि एकच वरण लावलं. आजाराची भीती होतीच, पण त्यांना खरं पछाडलं ते दुसऱ्याच विचाराने. पथ्य माणूस स्वतः पाळत नाही, ते कोणाला तरी पाळवून घ्यावं लागतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? दत्ताजीरावांवर त्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. आता अहल्याबाईंवर कोण ठेवणार? या माणसाला चहाचा डबा सापडत नाही. समोर बसून इतकी वर्षं जेवतो, पण बायकोच्या ताटात काय आहे ते याने एकदा तरी पाहिलंय का? डॉक्टरांचं निदान ऐकल्यावरही तो "अरेरे" म्हणून पुन्हा पेपरात शिरला होता. अहल्याबाईंना फार एकटं वाटलं, आणि रागही आला, म्हणून त्यांनी त्याच्या ताटात कारलं वाढलं.

आठवडाभराने स्नेहलबेनकडे सत्यनारायण होता. गुडघे दुखतात असं सांगून दोघं गेली नाहीत, तर प्रसादाचा शिरा वर आला. दोन द्रोण, तूप सुटलेला, वर बेदाणे. अहल्याबाईंनी सवयीने दत्ताजीरावांच्या जिभेवर कणभर ठेवला आणि हात तसाच द्रोणाकडे गेला.

"थांब," दत्ताजीराव म्हणाले. त्यांनी चिमटीत शिऱ्याचा एक कण घेतला आणि तो पुढे केला. "तोंड उघड. कणभर पुरतं."

अहल्याबाईंनी तोंड उघडलं. कण जिभेवर विरघळला. उरलेलं खाली परत देऊन येतो, असं म्हणून दत्ताजीराव दोन्ही द्रोण स्टीलच्या ताटलीत घेऊन निघाले. ते लिफ्टने न जाता जिन्याने गेले, आणि अहल्याबाईंनी दारातून ओरडून सांगितलं की जिन्यात थांबू नका. त्यांच्या गुडघ्यांचा आजार बरा झालेला दिसत होता.

पाच मिनिटांनी ते आले. कोणी न सांगता त्यांनी मान वाकवून मिशी पुढे केली. अहल्याबाईंनी वास घेतला. मिशी स्वच्छ होती.

"आता तू हात दाखव," दत्ताजीराव म्हणाले.

अहल्याबाईंचा उजवा हात पाठीमागे होता. ताटली दारातून जाताना द्रोणाच्या कडेचा मोठासा लपका त्यांनी बोटांनी उचलला होता, तो कोणाला दिसला नसेल अशी त्यांची खात्री होती. बोटं अजून तुपाने चकाकत होती.

"तुम्हाला कसं कळलं?"

"अकरा वर्षं समोर भाकरी खात बसलोय," ते म्हणाले. "मी दुसरं काय बघत होतो? तुझंच ताट."

अहल्याबाईंना हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं. आपण इतकी वर्षं एवढ्या पहाऱ्यात जेवत होतो, हे त्यांना माहीतच नव्हतं. त्या मोरीत गेल्या आणि साबण लावून हात धुतला. दत्ताजीराव दारात उभे राहून बघत होते.