मिस्त्री जेवायला बसलेत

लग्नात शेजारी बसलेल्या माणसाला आपल्याकडं आधी आडनाव विचारतात, मग गाव, आणि दोन्हींतून काही हाती लागलं नाही की म्हणतात, "बरं, काय करता आपण?" हा प्रश्न नुसता चौकशीचा आहे असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा गारखेड्याच्या कडुबा मिस्त्रीला भेटावं. कडुबा बोअरच्या मोटारी दुरुस्त करतो. ज्या शहरात अर्धं आयुष्य नळाची वाट पाहण्यात जातं, तिथं हे सांगणं म्हणजे आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेणं आहे. त्यानं उत्तर दिलं रे दिलं की समोरचा खुर्ची जवळ ओढतो. "अरे वा. आमची मोटार जरा गुरगुरते हो. घर काय, हे इथंच मागं."

मग काय, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला कडुबा कुणाच्या तरी गच्चीवर, नाहीतर परसात बोअरच्या तोंडाशी उकिडवा. बारसं असो, साखरपुडा असो. एका पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तर गेलेल्याच्या मुलानं डोळे पुसत पुसतच त्याला हौदाकडं नेलं होतं. नाही म्हणायचं कडुबाला जमत नाही. तोंडावर नकार द्यायचा म्हटला की त्याची जीभ टाळूला चिकटते.

इकडं त्याची बायको पारूबाई पंगतीत शेजारच्या पत्रावळीवर पिशवी ठेवून बसते. भात गार होतो, वाढपी डोळे वटारतो, शेवटी पिशवी उचलावीच लागते. नात्यातल्या सगळ्या लग्नांच्या फोटोंत ती एकटी. मागं वैजापूरच्या लग्नात एका बाईनं तिच्या हातावर हात ठेवून हळूच विचारलं, "मालक कधी गेले तुमचे?"

"आत्ताच," पारूबाई म्हणाली. "गच्चीवर."

ती बाई कळवळून गेली होती. पारूबाईला मात्र ते फार लागलं. घरी आल्यावर ती नवऱ्याला फक्त एवढंच म्हणाली, "जिवंतपणी माझ्या शेजारी बसून एकदा तरी जेवा."

कडुबानं प्रयत्न केले नाहीत असं नाही. एकदा त्यानं "टेलर आहे" म्हणून सांगितलं, तर नवरदेवाची शेरवानी काखेत उसवली आणि याच्या हातात सुई आली. एकदा "काहीच करत नाय" म्हणाला. "मग मोकळेच आहात की," असं म्हणून लोकांनी त्याला भाताची बादली दिली. काहीही सांगा, लोकांना त्याची गरज लागतेच.

यंदा पारूबाईच्या भावाची, उत्तमची मुलगी मोनाली हिचं लग्न करमाडला निघालं. पारूबाईनं आधी भावाला धरलं. "माझा भाऊ असशील तर ह्यांच्या मोटारीचं नाव तोंडातून काढू नको." उत्तमनं शपथ घेतली. मग ती नवऱ्याकडं वळली. "आणि तुम्ही असा धंदा सांगा, की आख्ख्या मराठवाड्यात कुणाचं अडत नाय."

कडुबानं लई विचार केला. एकदा अलिबागच्या सहलीत त्यानं लांबून एक दिवा पाहिला होता. मंगल कार्यालयात टेकतो न टेकतो तोच नवऱ्या मुलाचे मामा, लासूर स्टेशनचे कांद्याचे व्यापारी, शेजारी येऊन बसले आणि तोच प्रश्न आला.

"लाइटहाऊसवर असतो," कडुबा म्हणाला. "समुद्रातला दिवा. जहाजांना वाट दाखवायची."

मामांनी पार छताकडं पाहिलं. त्यांच्या घरात असं काही बंद पडलेलं त्यांना आठवेना. मग ते म्हणाले, "पण आपल्याकडं समुद्र कुठंय?"

"म्हणून तर सुट्टी काढून आलो."

"बरोबर आहे," मामा म्हणाले. त्यांनी एवढंच विचारलं की नोकरी पर्मनंट आहे का, आणि मान हलवली. पारूबाईनं पदराआड हसू लपवलं. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, नवरानवरीवर फुलं पडली, तरी कडुबा खुर्चीतच. पारूबाई त्याच्याकडं अशी बघत होती की जणू लग्न तिचंच लागलंय.

आणि तेवढ्यात कार्यालयाच्या मागची मोटार एकदा घरघरली आणि थांबली.

हा आवाज चारशे माणसांत एकट्या कडुबाला ऐकू गेला. त्याची मांडी हलली. पारूबाईनं त्या मांडीवर हात ठेवला. "दिवा आहे तुमचा समुद्रात," ती पुटपुटली. "बसा गुमान."

घटकाभरात बोंब झाली. टाकी कोरडी, पिंपं कोरडी. पुऱ्यांचा पहिला घाणा निघाला होता, वांग्याची भाजी आणि बुंदी तयार होती, पण भाताला पाणी नाही आणि पुढची कणीक भिजवायलाही नाही. कार्यालयाचे मालक कमरोद्दीनभाई घाम पुसत उत्तमकडं आले. उत्तम बिचारा कात्रीत सापडला. पोरीच्या लग्नात पाहुणे उपाशी, आणि दाजी समोर खुर्चीत, पण बहिणीला दिलेली शपथ. शेवटी त्यानं तोंडातून काही काढलंच नाही. खिशातलं पेन घेऊन कमरोद्दीनभाईंच्या तळहातावर एक नंबर लिहिला.

कमरोद्दीनभाईंनी स्टेजजवळ उभं राहून फोन लावला. तिसऱ्या रांगेत कोंबडा आरवला. मोटारींच्या आवाजात ऐकू यावी म्हणून कडुबानं तीच रिंग ठेवली होती.

"मिस्त्री, किधर हो?" कमरोद्दीनभाई म्हणाले. "करमाडला यायला लागतंय. मोटार बंद पडली. शादी का घर है."

"मीबी लग्नातच आहे," कडुबा तोंडावर हात धरून म्हणाला.

एवढ्यात माईकवरून घोषणा झाली, लासूरच्या मंडळींनी फोटोसाठी स्टेजवर यावं. कमरोद्दीनभाईंना ती एका कानानं हॉलमधून आणि दुसऱ्या कानानं फोनमधून ऐकू आली. "तुमच्याकडं पण लासूरचेच पाहुणे दिसतात," ते म्हणाले. मग सावकाश वळले. तिसऱ्या रांगेतला एक माणूस फोनमध्ये तोंड खुपसून बसला होता.

कमरोद्दीनभाई फोन कानाला तसाच धरून त्याच्यापुढं येऊन उभे राहिले. कडुबा उठायला लागला. पारूबाईनं त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"मिस्त्री जेवायला बसलेत," ती फोनमध्ये म्हणाली. "जेवण झालं की येतील."

"बाई, पाणी नाही तर इथं कुणीच जेवत नाही," समोर उभे कमरोद्दीनभाई फोनमध्येच म्हणाले.

"मग थांबा."

"मिस्त्री आल्याशिवाय जेवण नाही."

"आणि जेवल्याशिवाय मिस्त्री नाय."

लासूरचे मामा ताडकन उठले. "अहो, हे तर समुद्रावर असतात."

"तिथंबी पाण्याचंच काम असतं," पारूबाई म्हणाली. नंतर फोन खाली करून ती भावाकडं बघत बोलली. "उत्तम, लग्न झाल्यापासून ह्या माणसानं जगाला पाणी पाजलं. मी शेजारी पिशवी ठेवून जेवले. लोक मला विधवा समजतात रे. आज मी पिशवी उचलणार नाय."

कमरोद्दीनभाईंनी फोन बंद केला, तोंडावरून हात फिरवला आणि आचाऱ्याला म्हणाले, "दो पत्रावळी लगाव."

हॉलच्या मधोमध दोनच पत्रावळी मांडल्या. पहिल्या घाण्याच्या पुऱ्या, भाजी, बुंदी, आणि जारच्या तळाचं दोन पेले पाणी. चारशे उपाशी माणसं भोवती उभी राहिली. आपल्याकडची माणसं कितीही भुकेली असली तरी रीत सोडत नाहीत. एकजण म्हणाला, "सावकाश होऊ द्या," मग दुसरा म्हणाला, मग चारी बाजूंनी तेच. लासूरच्या मामांनी स्वतः बुंदीचा आग्रह केला. कडुबा घाईघाईनं गिळायला लागला.

"सावकाश म्हणतायत ना लोक," पारूबाई म्हणाली. तिनं स्वतः पुरीचा एकेक तुकडा मोडून, चावून चावून खाल्ला. जन्मात ती एवढी निवांत जेवली नव्हती.

हात धुवायला पाणी नव्हतंच. कडुबा रुमालाला हात पुसून मागं गेला. स्टार्टरच्या डब्यात पाल अडकून मेली होती. ती त्यानं काडीनं काढली, बटण दाबलं, आणि पाईप खळाळला. परत यायला त्याला पान खायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. या वेळी त्याच्या पत्रावळीवर पारूबाईनं पिशवी ठेवलेली नव्हती.

लासूरच्या मामांच्या घरची मोटारही गुरगुरते म्हणे. कडुबा अजून नाही म्हणायला शिकलेला नाही. आता पाहुणे आले की तो हळूच बायकोकडं बघतो आणि बोलायचं काम तिच्यावर सोडतो.

फोटोग्राफरनं त्या पंगतीचा फोटो मोठा करून दिला. तो गारखेड्याच्या घरात दारासमोर लावलाय. मधे दोघं जेवतायत, मागं चारशे माणसं त्यांच्या घासाकडं बघतायत. नवीन आलेला पाहुणा फोटो बघतो आणि मग सवयीनं विचारतोच, "मालक काय करतात तुमचे?"

पारूबाई बोटानं फोटो दाखवते.

"जेवतात," ती म्हणते. "माझ्या शेजारी बसून."