काकांचं अक्षर
प्रिंटरच्या ओल्या शाईचा वास आला की नव्वदच्या दशकाच्या अखेरची, ठाण्याजवळच्या कोलशेतची ती दुपार आठवते. कामगार संघटनेच्या खोलीत खाडीचा उग्र वारा शिरत होता. आमच्या संगणकावर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स होतं आणि त्यात मराठी टाइप होत नसे, म्हणून संघटनेतले काका पत्रकं हातानं लिहीत, आणि आता आम्ही ती नव्या मशीनवर स्कॅन करून छापणार होतो. बंद कारखान्यातले कामगार त्यांचं वळणदार अक्षर लांबूनही ओळखत. आजारातून उठल्यावरचं हे त्यांचं पहिलंच पत्रक. मशीन छापत होतं, पण काही केल्या स्कॅन करेना. मी वैतागलो. "काका, शेजारच्या कॉम्प्युटर क्लासातून विंडोजची कॉपी आणू का? त्यावर लगेच स्कॅन होईल." "चोरीची? मालकाला चोर म्हणायचं आणि आपण तेच करायचं? गप बस, कर खटपट!" संध्याकाळी एकदाचा छापील कागद बाहेर आला. काकांनी तो उजेडात धरला. ओळी घसरल्या होत्या, वेलांट्या थरथरत होत्या. "मशीन बिघडलंय का रे?" त्यांनी स्वतःच मूळ कागद शेजारी धरला, एकेक ओळ ताडून पाहिली. "मशीन बरोबर आहे," ते म्हणाले, "पुढचं तू लिही." त्यानंतर त्यांनी पत्रक लिहिलं नाही. आता मराठी कुठेही टाइप होते, तरी पत्रकाचं शीर्षक मी हातानंच लिहितो, त्यांच्यासारखं काढायला जातो, आणि दर वेळी ते माझंच दिसतं.